एकच रिटर्न की आधीच बाहेर? इफ-एल्सच्या भांडणाची पार्श्वभूमी

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात नव्याने लागलेल्या पोराला कोड रिव्ह्यूत (सहकारी कोड तपासतात तेव्हा) हमखास मिळणारा शेरा: "नेस्टिंग कमी कर, आधीच रिटर्न हो." म्हणजे इफच्या आत इफ रचू नकोस, अट फसली की लगेच फंक्शनमधून बाहेर पड. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला त्याने नेमकं उलटं घोकलेलं असतं. एका फंक्शनला एकच रिटर्न, तोही शेवटी.

1957 च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतला इफ उत्तर ऋण, शून्य की धन ते बघून तीनपैकी एका ओळीवर उडी मारायचा. 2018 च्या मानकातून तो काढलाच. इफ-देन-एल्सला अल्गोल 60 या भाषेने वळण लावलं. 1968 मध्ये गोटूविरुद्धचं (दुसऱ्याच ओळीवर थेट उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेविरुद्धचं) गाजलेलं पत्र छापून आलं, आणि उड्यांऐवजी एक प्रवेश, एक निर्गम असा आग्रह वाढला.

सी भाषेत त्या आग्रहाला रोकडं कारणही होतं. मॅलॉक या फंक्शनने मागून घेतलेली मेमरी, उघडलेली फाइल आपणच परत करायची. मधूनच रिटर्न झालं की मेमरी परत करणारं फ्री राहून जायचं. पुढे सी प्लस प्लसचे डिस्ट्रक्टर, 2006 पासून पायथॉनचा विथ, 2011 च्या जावा 7 मधला ट्राय-विथ-रिसोर्सेस यांनी ती आवराआवर स्वतःकडे घेतली. त्या भाषांत कारण गेलं, नियम मात्र व्हायवात टिकला.

हॉल तिकिटाचंच घ्या. फी भरली असेल तर, त्याच्या आत हजेरी पुरेशी असेल तर, त्याच्याही आत फॉर्म मंजूर असेल तर तिकीट. "फी बाकी" हा मेसेज पार तळाच्या एल्समध्ये. तो कोणत्या इफचा, हे स्क्रीनवर बोट ठेवून शोधा. गार्ड क्लॉजने, म्हणजे अट फसली की लगेच बाहेर पडणाऱ्या इफने, लिहिलं तर फी नाही, रिटर्न. हजेरी कमी, रिटर्न. फॉर्म नामंजूर, रिटर्न. खाली उरतं फक्त तिकीट.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. गाड्यांमधल्या सीसाठीच्या एका नियमावलीने 2004 मध्ये एकच एक्झिट सक्तीचा केला होता. 2012 च्या आवृत्तीत मात्र तो सल्ल्यावर आला. 2014 मध्ये एका नामांकित मोबाइलच्या सुरक्षा-कोडात बिनकंसाच्या इफखाली गोटूची ओळ दोनदा पडली होती. दुसरी ओळ अटीबाहेर गेली आणि सर्व्हरची सही न तपासताच सगळं ठीक असल्याचं उत्तर जाऊ लागलं. हे उदाहरण एकच-एक्झिटच्या बाजूने ओढता येतं, पण महिरपी कंस असते तर तिथे काहीच बिघडलं नसतं.

2020 च्या जावा 14 मधला नव्या रूपातला स्विच आणि 2021 च्या पायथॉन 3.10 मधला मॅच (दोन्ही एकच किंमत बघून फाटा निवडणारे) यांनी एल्स-इफच्या लांब रांगा बऱ्याच आटोक्यात आणल्या. हॉल तिकिटासारख्या एकमेकांशी संबंध नसलेल्या अटींना मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे भांडण रिव्ह्यूतच होतं.