झोपलेली काडी आणि मेलेली काडी

डिसेंबरात नागपुरातल्या गच्च्यांवर एक गोंधळ हमखास होतो. पावसाळा संपता संपता लावलेल्या अंजीर, तुती, चाफ्याच्या (पांढरा चीक येतो तो, सोनचाफा नव्हे) कटिंगची पानं गळतात आणि कुंडीत नुसती काडी उरते. ती झोपली आहे की गेली, दुरून काही कळत नाही.

आधी झाड कुठलं ते बघा. अंजीर, तुती, चाफा ही थंडीत पानं टाकणारीच झाडं आहेत, त्यामुळे त्यांच्या उघड्या काडीची काळजी नको. डाळिंबही बरीच पानं झाडतं. जास्वंद, तगर, कण्हेर मात्र बारमाही हिरवी. त्यांची काडी उघडी पडून टोकाकडून सुकत आली असेल, तर झोपेचा प्रश्नच नाही.

मग नख लावा. टोकापासून दोन बोटं खाली, तांदळाच्या दाण्याएवढीच साल खरवडायची. खाली ओलसर हिरवं दिसलं तर काडी जिवंत. कोरडं, तपकिरी दिसलं तर लगेच उपटू नका, आणखी खाली खरवडा. पुष्कळ काड्या वरून सुकत येतात आणि बुडाशी हिरव्या असतात. अशी काडी हिरवं लागेल तिथे, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, धारदार कात्रीने छाटायची. चाफ्याला आणि अंजिराला खरवडल्यावर पांढरा चीक आला म्हणजे शंका मिटली. चाफ्याची काडी सुरकुतली म्हणूनही घाबरू नये, ती स्वतःतलंच पाणी वापरत असते. बूड मात्र दाबून बघा. टणक असेल तर ठीक. पिचपिचीत, काळपट आणि आंबूस वासाचं असेल तर ती सडली.

आता पाण्याचं. झोपलेल्या काडीला मेलेली समजून लोक तिला जागं करायला रोज पाणी घालतात, आणि ती खरोखरच मरते ती यामुळे. पानंच नाहीत, तर पाणी उडणार कुठून? त्यात आपली काळी माती. एकदा भिजली की थंडीत वाळायचं नाव घेत नाही. मातीतली हवा संपते, बूड कुजतं. म्हणून कटिंगच्या मिश्रणात निम्मी तरी रेती हवी, आणि बोट दोन पेरं घातल्यावर कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. पानं असलेल्या जास्वंदीचा हिशेब वेगळा. आपली थंडी कोरडी आणि दुपार चांगली उन्हाची, त्यामुळे तिची माती पूर्ण सुकू द्यायची नाही.

थंड देशांतले सल्ले इथे जसेच्या तसे लावू नका. तिकडे माती गोठते, फुगते आणि कोवळ्या कटिंगला वर उचलून टाकते, म्हणून ते काड्या रेतीत पुरतात, पालापाचोळ्याने झाकतात. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर आला होता, तरी कुंडीतली माती गोठण्याची भीती इथे नाही. गारठ्याच्या रात्री कुंड्या भिंतीलगत सरकवल्या की पुरे. प्लास्टिक पांघरलंच, तर सकाळी उन्हाआधी काढा, नाहीतर आत वाफ कोंडते.

आणि हिरवी साल म्हणजे काडी जिवंत आहे, एवढंच. तिला मुळं फुटली असतील असं नाही. संक्रांतीनंतर ऊब वाढते तशी काडी आपल्याच साठ्यावर दोन-चार पानं काढते आणि माणूस खूश होऊन तिला उन्हात नेतो. मार्चचं ऊन लागलं की मुळांवाचून ती पानं माना टाकतात. काडी ओढून बघायचा मोह आवरा, नुकती आलेली मुळं तुटतात. पानांची दुसरी फेरी येऊन टिकेपर्यंत कुंडी हिरव्या नेटखालीच असू द्या.

चाफा आळशी. बूड टणक असेल तर त्याला एप्रिलपर्यंत मुदत द्यायला हरकत नाही. जास्वंद खालपर्यंत तपकिरी निघाली तर थांबू नका, कुंडी रिकामी करा. सडक्या काडीची माती मात्र लगेच दुसऱ्या कटिंगला वापरू नये. ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ पसरून ठेवा, चार-सहा आठवडे मे महिन्याचं ऊन खाऊ द्या.