डिस्प्लेलिंक म्हणजे डिस्प्लेपोर्ट नव्हे

डॉकला, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टमधून अनेक जोडण्या देणाऱ्या खोक्याला, दोन मॉनिटर जोडले आणि मॅकबुकवरून दोन्हीकडे तेच चित्र दिसायला लागलं, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो केबल बदल, दुसरा म्हणतो ड्रायव्हर टाक, तिसरा म्हणतो डॉक गेला. ड्रायव्हर टाकायचा सल्ला एका जातीच्या डॉकला अचूक लागू पडतो आणि दुसऱ्या जातीच्या डॉकसाठी निव्वळ फुकटचा खटाटोप आहे. डॉक कोणत्या जातीचा, हे मात्र कोणी विचारतच नाही.

हब आणि डॉक यांतला फरक बहुतेकांना माहीत असतो, तो आधी उरकू. हबला स्वतःची वीज नसते. तो लॅपटॉपकडून घेतो, किंवा तुमचा चार्जर त्याच्यात खोचला तर १०-१५ वॅट स्वतःसाठी ठेवून उरलेली वीज पुढे देतो. म्हणूनच ६५ वॅटच्या चार्जरवर हब लावला की कित्येक लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ म्हणून कुरकुरतात. डॉकला स्वतःचा अडॅप्टर असतो, आणि लॅपटॉपला जाणाऱ्या एकाच केबलमधून चित्र, डेटा, नेटवर्क, चार्जिंग सगळं चालतं. वीतभर केबल असलेली ॲल्युमिनियमची पट्टी ‘११ इन १ डॉकिंग स्टेशन’ या नावानं विकली जाते, ती हबच. खोक्यावर काय छापायचं ते छापू देत.

खरी गल्लत पुढे आहे. डॉकच्या मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची भोकं असतात, पण मॉनिटरचं चित्र तिथवर दोन अगदी वेगळ्या मार्गांनी पोहोचतं. एक डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, दुसरा डिस्प्लेलिंक. नावं जुळ्या भावांसारखी, काम करायची पद्धत पूर्ण वेगळी.

ऑल्ट मोड आधी. यूएसबी-सीच्या तोंडात २४ पिना असतात आणि त्यांत वेगवान डेटाच्या ४ लेन. डॉक जोडला की लॅपटॉप आणि डॉक आपसांत ठरवतात, की यांतल्या २ किंवा चारही लेन यूएसबीकडून काढून डिस्प्लेपोर्टला द्यायच्या. मग त्या लेनमधून ग्राफिक्स चिपचा खराखुरा डिस्प्लेपोर्ट सिग्नल जातो. डॉक तो फक्त पुढे सोडतो, दोन मॉनिटर असतील तर वाटून देतो, फार तर एचडीएमआयमध्ये बदलतो. चित्रासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि प्रोसेसरला काही पत्ताही लागत नाही. यासाठी लॅपटॉपच्या त्या पोर्टला ऑल्ट मोड असावा लागतो, आणि स्वस्त लॅपटॉपांत यूएसबी-सी पोर्ट पुष्कळदा फक्त डेटापुरता असतो. अशा पोर्टला हब लावला की पेनड्राइव्ह चालतो, कार्ड रीडर चालतो, माउस चालतो, एचडीएमआय तेवढं मेलेलं. लोक हब खराब म्हणून परत करतात, दुसरा आणतात, तोही ‘खराब’ निघतो. ‘टाइप-सी आहे ना, मग चालणारच’ हे वाक्य दुकानदाराच्या तोंडून आलं की समजावं, त्यानं तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल विचारलेलंच नाही. पोर्टशेजारी डी आणि पी जोडलेलं चिन्ह किंवा विजेचा बाण (थंडरबोल्ट या वेगवान जोडणीची खूण) असेल तर चित्र मिळतं. चिन्ह नसेल तर मिळणारच नाही असं मात्र नाही. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन बघा.

डिस्प्लेलिंकमध्ये लेन कोणी काढून घेत नाही. लॅपटॉपवर बसवलेलं सॉफ्टवेअर पडद्यावरचं चित्र टिपतं, त्यातला बदललेला भाग दाबून लहान करतं आणि साध्या यूएसबी डेटाच्या रूपात पाठवतं. डॉकमधली डिस्प्लेलिंकची चिप तो डेटा उलगडून पुन्हा चित्र उभं करते. म्हणजे लॅपटॉपच्या लेखी तो डॉक हे नुसतं एक यूएसबी उपकरण आहे. म्हणून डिस्प्लेलिंक जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टवरही चालतं, ऑल्ट मोड नसलेल्या सी पोर्टवरही चालतं. आणि म्हणूनच सॉफ्टवेअर नसेल तर काहीच दिसत नाही.

आकडे मांडले की दोन्हींच्या खोड्या आपोआप कळतात. ४के, ६० हर्ट्झचं (सेकंदाला ६० वेळा ताजं होणारं) चित्र न दाबता पाठवायला सेकंदाला सुमारे १२.८ गिगाबिट लागतात. साध्या यूएसबी ३ ची क्षमता ५ गिगाबिट. म्हणजे डिस्प्लेलिंकला चित्र दाबण्यावाचून गत्यंतरच नाही. एक्सेलमध्ये एका रकान्यातला आकडा बदलला तर पडद्याचा चिमूटभर भाग बदलतो, त्यामुळे ऑफिसच्या कामात फरक जाणवत नाही. पूर्ण पडदाभर व्हिडिओ लावला किंवा गेम सुरू केला की प्रत्येक फ्रेमला सगळंच बदलतं. मग प्रोसेसर तापतो, पंखा बोंबलतो आणि माउसचा बाण हातामागून येतो. याला ‘डॉक हँग होतो’ म्हणणं चूक आहे. डॉक आपलं काम करतोय. चित्र टिपून दाबायचं काम लॅपटॉपवर पडलंय.

ऑल्ट मोडची अडचण वेगळी. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगानं एका लेनमधून ५.४ गिगाबिट जातात, त्यातले २० टक्के कोडिंगमध्ये खर्ची पडतात. यूएसबी ३ चालू ठेवायचं म्हणून हबनं दोनच लेन चित्राला दिल्या, तर हाती उरतात ८.६४ गिगाबिट. त्यात ४के ६० हर्ट्झ बसत नाही, म्हणून मॉनिटर ३० वर येतो आणि माउस अडखळत सरकल्यासारखा दिसतो. डिस्प्लेपोर्ट १.४ चा वेग असेल तर त्याच दोन लेनमध्ये १२.९६ गिगाबिट मिळतात, ४के ६० काठोकाठ बसतं. पण तो वेग लॅपटॉप आणि हब दोघांनाही यायला हवा. काही हब चारही लेन चित्राला देऊन टाकतात. तिथे ६० हर्ट्झ सहज मिळतात, पण यूएसबीला उरतो ४८० मेगाबिटचा जुना मार्ग, आणि बाहेरची एसएसडी गोगलगाय होते. ‘४के सपोर्ट’ छापायचं आणि हर्ट्झ छापायचे नाहीत, असा माल सरळ बाजूला ठेवावा. महागड्या एचडीएमआय केबलनं ३० चे ६० होत नाहीत, कारण अडतंय ते केबलच्या अलीकडे.

थंडरबोल्ट डॉक या भांडणात ऑल्ट मोडच्या बाजूचा. तिथेही खरा डिस्प्लेपोर्ट सिग्नलच जातो, फक्त ४० गिगाबिटच्या मोठ्या मार्गातून, त्यामुळे वरची ओढाताण राहत नाही.

आता घरातला किंवा ऑफिसातला डॉक कोणता, ते ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी परीक्षा: मॉनिटर डॉकला जोडा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि पुन्हा चालू करा. कंपनीचा लोगो किंवा बायोसचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पडदा मॉनिटरवर दिसला तर तो डिस्प्लेलिंक नव्हे. डिस्प्लेलिंकचा मॉनिटर ऑपरेटिंग सिस्टिम उठून ड्रायव्हर लागेपर्यंत काळाच राहतो. उलट निकाल मात्र एवढा पक्का नसतो, कारण काही लॅपटॉप सुरुवातीचा पडदा बाहेर पाठवतच नाहीत. डिस्प्लेलिंकचा मॉनिटर असा काळा राहणं ऑफिसात वेगळ्या रूपानं छळतं: झाकण बंद ठेवून काम करणाऱ्याला बिटलॉकरचा (विंडोजच्या डिस्क-कुलपाचा) पिन विचारणारा पडदा दिसतच नाही, आणि आयटीकडे तक्रार जाते की लॅपटॉप चालू होत नाही. खात्रीच हवी असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेलिंकचं नाव शोधा, किंवा उपकरणाच्या हार्डवेअर आयडीत उत्पादकाचा क्रमांक १७ई९ आहे का बघा. यातला ई इंग्रजी अक्षर. लिनक्सवर यूएसबी उपकरणांच्या यादीत हाच क्रमांक दिसतो.

ऑफिसांतून नेहमी दिसणारी जोडी घ्या. डेलचे डी६००० आणि डब्ल्यूडी१९. दोन्ही काळे, दोन्हींवर दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. डी६००० डिस्प्लेलिंकवर चालतो, म्हणून त्याच्याबरोबर यूएसबी-ए चं टोपण (सी चं टोक ए मध्ये बदलणारा जोड) येतं आणि तो ‘युनिव्हर्सल’ म्हणवतो. डब्ल्यूडी१९ ऑल्ट मोडवर चालतो. त्याला सी-टू-ए चं टोपण लावून जुन्या लॅपटॉपला जोडलं तर चित्र कधीच येणार नाही, कोणताही ड्रायव्हर टाका. खोक्यावर ‘युनिव्हर्सल’, ‘हायब्रिड’ किंवा ‘यूएसबी-ए वरही चालतो’ असं काही दिसलं की डिस्प्लेलिंक समजून पुढची चौकशी करावी.

मॅकवाल्यांचं प्रकरण स्वतंत्र आहे, आणि सुरुवातीचा गोंधळ तिथलाच. ऑल्ट मोडचे डॉक एका सिग्नलमधून दोन मॉनिटर चालवतात ते एमएसटी नावाच्या पद्धतीनं. विंडोज आणि लिनक्सला ती येते. मॅकओएसला ती वेगवेगळ्या पडद्यांसाठी चालत नाही, म्हणून दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. यात डॉक बिघडलेला नाही, केबलही बिघडलेली नाही. त्यातून साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ च्या मॅकबुक एअरवर झाकण बंद केलं तर दोन चालतात, एम४ च्या एअरवर झाकण उघडं ठेवूनही दोन. म्हणजे एम१ एअरवर दोन स्वतंत्र मॉनिटर हवे असतील तर डिस्प्लेलिंक हाच व्यवहार्य मार्ग, आणि तिथे तो घ्यायला माझी हरकत नाही.

पण मग त्याच्या अटीही पाळायच्या. डिस्प्लेलिंक मॅनेजर बसवा, सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्या, आणि लॉगिनबरोबर ते आपोआप सुरू होईल अशी खूण करा. परवानगी नाकारली की मॉनिटर काळा. मेनू बारमध्ये ‘पडदा रेकॉर्ड होतोय’ असं चिन्ह दिसलं तर घाबरू नका, चित्र टिपल्याशिवाय ते पाठवणार कसं? याच कारणानं नेटफ्लिक्ससारख्या संरक्षित व्हिडिओच्या जागी आवाज येतो आणि काळा चौकोन दिसतो. क्रोममध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं तर बहुधा चित्र येतं, पण प्रोसेसरला आणखी राबावं लागतं. मॅकओएसची मोठी आवृत्ती आली की त्याच दिवशी अपडेट करू नका. डिस्प्लेलिंकची नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबा. लिनक्सवर याचा जाच जास्त. डिस्प्लेलिंकचं ईव्हीडीआय हे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा तुकडा) प्रत्येक नव्या कर्नलबरोबर पुन्हा बांधावं लागतं, आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल चढतच नाही.

माझा कौल सरळ आहे. लॅपटॉपच्या पोर्टला ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट असेल आणि विंडोज असेल, तर डिस्प्लेलिंककडे फिरकू नका. रंगाचं काम, व्हिडिओ एडिटिंग, गेम, १४४ हर्ट्झचा मॉनिटर यांसाठी तर मुळीच नको. ज्या ऑफिसात एकाच टेबलावर रोज वेगळा माणूस, वेगळा लॅपटॉप येऊन बसतो, निम्म्यांना यूएसबी-ए शिवाय काही नाही आणि काम मेल आणि एक्सेलचं आहे, तिथे डिस्प्लेलिंकसारखं दुसरं काही नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही वापरलेला डॉक घेत असाल तर स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा आणि अडॅप्टर उलटा करून वॅट वाचा. डब्ल्यूडी१९ बरोबर १३० वॅटचा अडॅप्टर असेल तर लॅपटॉपला जास्तीत जास्त ९० वॅट मिळतात. १८० वॅटचा असेल तर डेलच्या लॅपटॉपांना १३० पर्यंत, इतर कंपन्यांच्या लॅपटॉपांना तेच ९०. डी६००० मधून मिळतात ६५. विक्रेते मोठा अडॅप्टर काढून वेगळा विकतात आणि हाताला लागेल तो लहान देतात, डॉक चालू होतो, चित्रही येतं, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉपची बॅटरी हळूहळू उतरत जाते.