आशाताईंच्या आधीचं जामखेड

मानधनासाठी आशाताईंचा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचा, मोर्चा निघाला की दरवेळी तोच प्रश्न येतो: गावातल्या प्रत्येक बाळंतपणाची, लसीकरणाची, क्षयरुग्णाची नोंद ठेवणारी ही बाई सरकारी कर्मचारी का नाही? उत्तर शोधायला, आशा नेमणाऱ्या २००५ च्या सरकारी योजनेच्या बरंच मागे जावं लागतं.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. तालुका कायम दुष्काळी. त्यांनी आधी प्रशिक्षित नर्सेसना गावात पाठवून पाहिलं, पण ते जमेना. परक्या गावात एकट्या नर्सबाईंना राहणं अवघड आणि गावाला त्यांचा भरवसा वाटेना. मग आरोग्याच्या कामासाठी गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असं ठरलं. निवडून आलेल्या बऱ्याचजणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र शिकायच्या, एका पंगतीला जेवायच्या. त्या काळात ही पंगत औषधांइतकीच महत्त्वाची होती, असं मला वाटतं. पाण्याच्या बोअरही दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवं तर सगळ्या गावाला तिथे जाणं भाग होतं. १९७१ मध्ये या भागात दर हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भकं दगावत. दोन-अडीच दशकांत हा आकडा तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या बायकांना पगार मात्र नव्हता. पैशासाठी काम केलं तर गावाशी नातं तुटेल, अशी आरोळे यांच्या संस्थेची धारणा. पोटापाण्यासाठी शेळ्या, बांगड्यांचा धंदा, छोटी कर्जं अशी वेगळी सोय लावून दिलेली असे.

केंद्र सरकारने १९७७ मध्ये देशभर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्यरक्षक नेमला, महिना ५० रुपये मानधनावर. त्यात बहुतेक पुरुष, तेही पुढाऱ्यांच्या मर्जीतले. योजना हळूहळू विरली. त्यानंतर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. छत्तीसगडमध्ये मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, आल्या. या सगळ्या अनुभवांवर २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' उभी राहिली.

सरकारने जामखेडकडून गावातलीच बाई घेतली, बिनपगारी कामही घेतलं. दर आठवड्याचं शिक्षण, गावाचा आधार आणि पोटापाण्याची वेगळी सोय मात्र घेतली नाही. त्याऐवजी आले कामागणिक मोबदल्याचे दर आणि रजिस्टरांचा ढीग. जामखेडमधली स्वयंसेवा एका छोट्या संस्थेच्या पाठबळावर चालत होती. दहा लाखांच्या आसपास बायकांवर सरकारने ती लादणं ही निराळी गोष्ट.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आशांच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. कागदोपत्री त्या अजूनही स्वयंसेविकाच आहेत.