पंधरा मुलांची दोन कशी होतात?

लोकसंख्येची बातमी आली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं जुनं : ‘गरिबांना समज नाही, म्हणून त्यांना मुलं जास्त.’ दुसरं अलीकडचं : ‘शिकलेल्यांनी मुलं होऊ देणंच सोडलंय, आता आपलं कसं व्हायचं?’ दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे, की पैसा आणि शिक्षण थेट मुलांची संख्या ठरवतात. पण गर्भाशयाला घरातली कमाई कळत नाही. सामाजिक स्थितीचा परिणाम शरीरापर्यंत पोचतो तो मोजक्या वाटांनी, आणि त्यातली एक वाट चक्क उलट्या दिशेने जाते.

आधी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारताचा एकूण प्रजनन दर २.० आला. त्या काळातले वयोगटवार जन्मदर एखादीला आयुष्यभर लागू झाले, तर तिला सरासरी किती मुलं होतील, ते हा दर सांगतो. सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात तो २.६ आहे, सर्वांत सधन हिश्श्यात १.६. शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांत २.८, बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांत १.८. महाराष्ट्र १.७, बिहार ३.०. आता १९९२–९३ च्या पहिल्या फेरीतला आकडा शेजारी ठेवा. तेव्हा साऱ्या देशाची सरासरी ३.४ होती. म्हणजे आजची सर्वांत गरीब भारतीय स्त्री तीस वर्षांपूर्वीच्या ‘सरासरी’ स्त्रीपेक्षा कमी मुलांची आई आहे. आणि ज्यांना प्रत्येक आकड्यात धर्म शोधायचा असतो त्यांच्यासाठी : केरळातल्या मुस्लिम स्त्रियांचा दर सुमारे २.३, बिहारमधल्या हिंदू स्त्रियांचा सुमारे २.९.

इथे ‘गरीब’ कसे ठरवतात, हेही माहीत हवं. सर्वेक्षणात उत्पन्न विचारत नाहीत, कारण लोक ते नीट सांगत नाहीत आणि शेतकऱ्याला सांगता येतही नाही. त्याऐवजी जमीन शेणाची की फरशीची, पाणी कुठून येतं, संडास आहे का, पंखा, टीव्ही, दुचाकी, फ्रिज आहे का, अशी यादी भरतात. त्या यादीतून संख्याशास्त्राने प्रत्येक घराला एक गुणांक मिळतो आणि साऱ्या देशातल्या लोकांचे पाच समान भाग पाडतात. यात एक खोट राहते. वीज, नळ आणि पक्कं घर शहरात सहज मिळतं, त्यामुळे चार एकरांचा धनी यादीत खाली आणि झोपडपट्टीतलं कर्जबाजारी कुटुंब वर दिसू शकतं.

आता मुख्य यंत्रणा. १९५६ मध्ये किंग्जली डेव्हिस आणि ज्युडिथ ब्लेक या समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की समाज, जात, उत्पन्न, शिक्षण या गोष्टी जन्मदर बदलतात, पण नेहमी कुठल्या तरी ‘मधल्या’ घटकामार्फतच. असे घटक त्यांनी अकरा मोजले. १९७८ मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स यांनी दाखवलं की त्यातले चारच घटक जवळपास सगळा फरक घडवतात, आणि त्यांनी ते एका गुणाकारात बसवले. मराठी अक्षरं वापरून तो असा लिहिता येईल :

एकूण प्रजनन दर = १५.३ × ल × स × ग × प

१५.३ ही सुरुवात. स्त्रीचं लग्न पंधराव्या वर्षी होऊन एकोणपन्नासपर्यंत टिकलं, गर्भनिरोधक नाही, गर्भपात नाही, आणि बाळाला अंगावर पाजलंही नाही, तर सरासरी इतकी मुलं होतील. निरनिराळ्या समाजांत हा आकडा १३ ते १७ च्या दरम्यान राहतो. नंतरची चार अक्षरं म्हणजे एकाखाली एक लावलेल्या चार चाळण्या. ल म्हणजे लग्न, स म्हणजे गर्भनिरोधक साधनं, ग म्हणजे गर्भपात, प म्हणजे पाजणं. प्रत्येकीची किंमत ० ते १. १ असेल तर काहीच अडत नाही, ० असेल तर सगळंच अडतं.

यातली ‘प’ ही चाळणी सर्वांत सुंदर आहे आणि तिच्याबद्दल बोललं सर्वांत कमी जातं. बाळ चोखतं तेव्हा स्तनाग्रातल्या चेतातंतूंमधून संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. तिथून एरवी ठरावीक लयीत सुटणारं संप्रेरक मंदावतं, पियूषिका ग्रंथीला हुकूम मिळत नाही आणि बीजांड पक्व होत नाही. दूध किती आलं यापेक्षा दिवसरात्रीत बाळ कितीदा चोखतं, याला महत्त्व आहे. रात्रीचं पाजणं सुटलं की लय परत येते.

गणित असं. पाजणं अजिबात नसेल तर दोन बाळंतपणांत सरासरी २० महिन्यांचं अंतर पडतं : बाळंतपणानंतर बीजांड पुन्हा सुटू लागेपर्यंत १.५ महिना, दिवस राहण्याची वाट ७.५ महिने, आपोआप होणाऱ्या गर्भपातांपोटी २ महिने, गरोदरपण ९ महिने. पाजण्यामुळे यातला पहिला १.५ तेवढा लांबतो. तो ‘म’ महिने झाला, तर प = २० ÷ (१८.५ + म). बाळाला दीड-दोन वर्षं पाजणाऱ्या, पाळी १२ महिने न आलेल्या गटात प = २० ÷ ३०.५, म्हणजे ०.६६. चौथ्या महिन्यात पाळी परत येणाऱ्या गटात २० ÷ २२.५, म्हणजे ०.८९. पहिल्या गटात एक तृतीयांश जन्म या एकाच गोष्टीने कमी होतात, दुसऱ्यात जेमतेम नववा हिस्सा.

पहिला गट बहुधा गरीब, दुसरा बहुधा शहरी, डब्याचं दूध परवडणारा. इथे परिस्थिती सुधारली की चाळणी सैल होते.

पूर्ण हिशोब करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या गावाचे नाहीत. गरीब गटात ल = ०.६५, गर्भपात नगण्य, प = ०.६६. साधनं वापरणाऱ्या ५८ टक्के, त्यांची परिणामकारकता ९५ टक्के. स काढायचं सूत्र १ − १.०८ × ०.५८ × ०.९५, म्हणजे ०.४०. (१.०८ कशासाठी? ज्यांना मूल होणारच नाही अशी जोडपी सहसा साधनं वापरत नाहीत, म्हणून वापराचं वजन थोडं वाढवावं लागतं.) गुणाकार सुमारे २.६. सधन गटात ल = ०.५०, स = ०.३०, ग = ०.८५, प = ०.८९. गुणाकार सुमारे १.७. आता गरीब गटात बाकी काहीही न बदलता फक्त पाजणं कमी करा, प ०.८९ होऊ द्या. दर २.६ वरून जवळपास ३.५ वर जातो. जवळजवळ एक मूल जास्त, तेही कुणाची ‘समज’ कमी न होता. केनियात १९७० च्या दशकाच्या अखेरीस दर ८ च्या आसपास पोचला होता. शिक्षण आणि आरोग्य सुधारत असताना पाजण्याचा काळ आखडला आणि साधनं अजून घरोघर पोचली नव्हती, हे त्यामागचं एक कारण होतं.

‘अंगावर पीत आहे तोवर दिवस जात नाहीत’ ही आजीबाईंची समजूत त्यामुळे अर्धी खरी आहे. ती खरी ठरायला तीन अटी एकदम पाळाव्या लागतात : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, त्याला पाणीसुद्धा न देता फक्त अंगावरचं दूध, आणि आईची पाळी अजून आलेली नाही. असं असेल तर सहा महिन्यांत शंभरातल्या दोघींनाच दिवस जातात. एक अट मोडली की भरवसा संपला, कारण पाळी दिसण्याआधीच बीजांड सुटलेलं असू शकतं. चिकाचं दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकणं आणि बाळाला मध-गुटी चाटवणं या प्रथा इथे दुहेरी नुकसान करतात. बाळाची पहिली रोगप्रतिकारक शक्ती जाते, चोखणं कमी होतं आणि पुढचं बाळंतपण जवळ येतं. डब्याच्या दुधाची जाहिरातही नेमकं हेच करते, फक्त गुळगुळीत कागदावर.

‘ल’ म्हणजे लग्न झालेल्यांची निव्वळ टक्केवारी नव्हे. विशीतलं वैवाहिक वर्ष चाळिशीतल्या वर्षापेक्षा कितीतरी जड धरतात. त्यामुळे लग्न कितव्या वर्षी होतं, हे कामाच्या घडणीवर अवलंबून असेल तिथे ही चाळणी कायद्याने घट्ट होत नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोड बघा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. लग्न झालं की उचल वाढते. त्यातून आईबाप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सहा महिने कारखान्याच्या फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कुणाकडे ठेवायची, हा घोर. कमी वयातल्या लग्नांना तिथे ‘अज्ञान’ म्हणणं हे आळशी निदान आहे.

‘स’ मध्ये महाराष्ट्राचं चित्र एकांगी आहे. त्याच पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली, तर पुरुष नसबंदी ०.४ टक्के. पुष्कळ शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर दवाखान्यातच होतात. गणितात इथेच गफलत होते. त्या बाईची पाळी पाजण्यामुळे बंदच असते आणि नसबंदीही झालेली असते, म्हणजे एकच अडवणूक ‘स’ मध्येही धरली जाते आणि ‘प’ मध्येही, आणि अंदाज खऱ्या दराच्या खाली येतो. बोंगार्ट्स यांनी २०१५ मध्ये सूत्र दुरुस्त केलं ते मुख्यतः अशा दुहेरी मोजणीसाठी.

‘ग’ चाळणी पैशाने घट्ट होते, पण ती कधीकधी मुली वेचून बाहेर टाकते. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे देशात ९१९ मुली होत्या. शहरांत ९०५, खेड्यांत ९२३, अनुसूचित जमातींत ९५७. सोनोग्राफी जिथे परवडते तिथे दरी रुंद आहे. याने लोकसंख्या स्थिर राखणारा दरही बदलतो. १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मत असतील आणि ९७ टक्के मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत असतील, तर २.०५ ÷ ०.९७, म्हणजे प्रसिद्ध २.१. मुलगे ११० आणि जगण्याचं प्रमाण ९५ टक्के असेल, तर २.१० ÷ ०.९५, म्हणजे २.२. सभांमधून २.१ हा आकडा सर्व काळ, सर्व ठिकाणी लागू असल्यासारखा फेकला जातो, तो तसा नाही.

शेवटी, मुलं सारखीच असूनही नमुना वेगळा असू शकतो. एका गटात लग्न १८ व्या वर्षी, मुलं १९ व्या आणि २१ व्या वर्षी, मग शस्त्रक्रिया. दुसऱ्यात लग्न २६ व्या, मुलं २८ व्या आणि ३१ व्या वर्षी. दोन्हीकडे मुलं दोनच. पण पहिल्या गटातली बाई चाळिशीत आजी होते आणि साठीत पणजी, दुसऱ्यातली साठीच्या उंबऱ्यावर आजी. पहिल्या गटात एका वेळी चार पिढ्या जिवंत असतात, दुसऱ्यात तीन. पहिल्या गटातल्या मुलींचं पहिलं बाळंतपण तीन वर्षांनी जरी पुढे गेलं, तरी प्रत्येकीची मुलं दोनच राहूनही दरवर्षीचे जन्म काही काळ घटतात, कारण या वर्षीचे काही जन्म पुढच्या वर्षांत सरकलेले असतात. त्या काळात मोजलेला एकूण प्रजनन दर दोनच्या खाली दिसतो आणि वय पुढे सरकणं थांबलं की पुन्हा वर येतो.