व्हॅलेन्सियाच्या पुळणीवरचं ऊन

होआकीन सोरोया म्हटलं की पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, ओलीचिंब उघडी पोरं आणि निळंजांभळं पाणी डोळ्यांपुढे येतं. हा चित्रकार जन्मभर सुट्टीवरच होता की काय, असं वाटावं! पण त्याची पुळण ही मुळात राबणाऱ्या माणसांची होती, आणि तोही तिथे राबायलाच जायचा.

जन्म १८६३चा, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात. दोन वर्षांचा असताना पटकीच्या साथीत आईवडील दोघंही गेले. मावशीनं सांभाळलं. मावशीचा नवरा कुलुपं बनवणारा. पोरालाही त्याच कामाला लावायचं घाटत होतं, पण ते काही जमलं नाही. कलाशाळेत शिकत असताना आन्तोनियो गार्सिया या फोटोग्राफरच्या स्टुडिओत सोरोयाला काम मिळालं. तेव्हा फोटो काळेपांढरे, त्यांवर हातानं रंग चढवायचे. उजेड कुठून आलाय, सावली कुठे पडलीय, हे तिथे रोज पाहावं लागे. पुढे १८८८ मध्ये त्याच गार्सियांच्या मुलीशी, क्लोतिल्देशी, त्याचं लग्न झालं. त्याच्या चित्रांत एखादं शीड किंवा होडी कडेला अर्धीच कापलेली दिसते, ती सवय या स्टुडिओतली असावी असं मला वाटतं.

शहराला लागून एल काबान्याल ही कोळ्यांची वस्ती. तिथे होड्या बैलांच्या जोड्या लावून पाण्याबाहेर ओढत. १८९४ साली त्यानं हेच दृश्य चार मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर रंगवलं: शिडात भरलेला वारा, फेसात उभे बैल. फ्रेंच सरकारनं ते विकत घेतलं आणि व्हॅलेन्सियाचा सोरोया पॅरिसला माहीत झाला. त्याच किनाऱ्यावर एका पाद्र्यानं अपंग मुलांना आंघोळीला आणलेलं त्यानं पाहिलं आणि १८९९ मध्ये ‘दुःखद वारसा’ हे चित्र केलं. कुबड्या टेकत पाण्याकडे जाणारी मुलं, मध्ये काळ्या झग्यातला पाद्री. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. गंमत म्हणजे एवढा मान मिळाल्यावर सोरोयानं असं दुःखाचं, समाजाला जाब विचारणारं चित्र जवळजवळ सोडूनच दिलं.

उरलं ते ऊन. पण ते पकडणं सोपं नव्हतं. पत्र्याच्या नळ्यांत भरलेले तयार रंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळू लागले होते, म्हणून तर चित्रकार घराबाहेर पडू शकले. सोरोया मात्र दोन-दोन मीटरचे कॅनव्हास पुळणीवर उभे करायचा. वारा अडवायला कापडाचे आडोसे, डोक्यावर छत्री, अंगात कोट. उडालेली वाळू रंगात बसायची, ती आजही काही चित्रांत सापडते. ऊन थांबत नाही, म्हणून हात भराभर चालवायचा.

१९०९ मधलं ‘समुद्रकाठचा फेरफटका’ जवळून पाहा. क्लोतिल्दे आणि थोरली मुलगी मारिया वाऱ्यात चालल्या आहेत. मुलीची टोपी हातात, आईच्या हातात छत्री. क्षितिज नाहीच, मागे वरपर्यंत नुसतं पाणी आणि वाळू. कपडे पांढरे म्हणावेत तर सावलीच्या घड्यांत निळा, जांभळा, उन्हाच्या बाजूला पिवळट. निव्वळ पांढरा रंग शोधावाच लागतो. हीच क्लोतिल्दे तीन वर्षं आधी त्यानं काळ्या पोशाखात रंगवली होती.

त्याला सरसकट दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्ट, क्षणापुरता दिसणारा उजेड रंगवणारा, म्हणतात. पटतं, पण अर्धंच. तो वेलास्केझ या सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकाराचा भक्त. १९०१च्या कुटुंबचित्रात मागच्या आरशात चित्र काढताना तो स्वतःच दिसतो. वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’मध्येही मागे आरसा आणि चित्र काढणारा चित्रकार आहे, त्याला केलेला हा सरळ नमस्कार. दृक्प्रत्ययवादी काळा रंग टाळत, व्यक्तिचित्रांतला काळा यानं मात्र सोडला नाही.

१९०८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात अमेरिकी धनिक आर्चर हंटिंग्टननं त्याची चित्रं पाहिली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला, स्पॅनिश कलासंस्कृतीसाठी स्वतःच काढलेल्या हिस्पॅनिक सोसायटीत, त्याचं प्रदर्शन भरवलं. महिनाभरात सुमारे एक लाख साठ हजार माणसं आली. राष्ट्राध्यक्ष टाफ्टचं व्यक्तिचित्रही त्याच दौऱ्यात झालं. १९११ मध्ये हंटिंग्टननं मोठं काम सोपवलं: स्पेनचे प्रांत दाखवणारी भिंतभर चित्रं. तब्बल चौदा पॅनेलं, एकूण लांबी सत्तर मीटरच्या आसपास. पन्नाशीकडे झुकलेला माणूस आठ वर्षं गावोगाव फिरत, बहुतेक वेळ उघड्यावर, हे काम रेटत राहिला. शेवटचं पॅनेल दक्षिण स्पेनमधल्या आयामोन्तेच्या ट्यूना मासेमारीचं, १९१९ मध्ये पुरं झालं. तोवर तब्येतीनं हात टेकले होते. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या घरी, बागेत एका बाईंचं व्यक्तिचित्र काढताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. पुन्हा काही त्यानं कुंचला धरला नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये तो गेला. न्यूयॉर्कमधलं त्या चौदा पॅनेलांचं दालन लोकांसाठी १९२६ मध्ये उघडलं.