भाताचा करपा आणि माशाचं जनुक

'बाजारातला एवढा मोठा रोहू जीन बदललेला असतो, खाऊ नका' असा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. रोहू मोठा होतो तो तळ्यातल्या खाद्यामुळे आणि वयामुळे. जनुक-संपादित मासा आपल्या बाजारात अजून आलेलाच नाही. जपानमध्ये असा मादाई नावाचा मासा 2021 पासून विकला जातो. त्यात परकं जनुक घातलेलं नाही, स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन हे त्याचंच जनुक निकामी केलंय. 

जनुक निकामी करायचं तर तिथला डीएनए कापावा लागतो. डीएनए कापणं सोपं, नेमकी जागा शोधणं अवघड. प्रयोगशाळेतल्या झेब्राफिश या छोट्या माशाच्या जनुकसंचात ए, सी, जी, टी अशी जवळपास 140 कोटी अक्षरं आहेत. त्यावर एक झकास उपाय सापडला तो झँथोमोनास जिवाणूंत. आजरा-चंदगडचा शेतकरी भातावरच्या ज्या कडा करप्याला शिव्या घालतो, तो रोग याच कुळातल्या जिवाणूचा. हा जिवाणू भाताच्या पेशीत 'टेल' (TALE) नावाची प्रथिनं सोडतो. ती डीएनएवर ठरलेल्या जागी बसून साखर बाहेर सोडणारी जनुकं चालू करतात. म्हणजे खर्च भाताचा, जेवण जिवाणूचं.

टेलची लिपी 2009 मध्ये उलगडली. साधारण 34 अमिनो आम्लांचा एकेक तुकडा, असे तुकडे ओळीने. बदलतात मुख्यतः 12वं आणि 13वं आम्ल. तिथे एनआय (ही त्या दोन आम्लांची आद्याक्षरं) असेल तर डीएनएचं ए, एचडी असेल तर सी, एनजी असेल तर टी, एनएन असेल तर बहुधा जी. एक तुकडा, एक अक्षर! हव्या त्या क्रमाने तुकडे जोडले की हवा तो पत्ता वाचता येतो.

या प्रथिनाच्या शेपटीला फोक-वन एन्झाइमचा कापणारा भाग जोडतात. तो एकटा कापत नाही, जोडीदार लागतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं. म्हणून डीएनएच्या दोन धाग्यांवर समोरासमोर दोन टेल बसवायची, मध्ये 14 ते 20 अक्षरांचं अंतर ठेवून. एका टेलने 17 अक्षरं वाचली तर त्यांचे सुमारे 1,700 कोटी क्रम होतात, पण टेल एखादं चुकीचं अक्षर खपवून घेतं. तरी दोघांनी एकाच ठिकाणी शेजारीशेजारी चुकणं दुर्मीळच. शिवाय डावं डाव्याशी जुळू नये म्हणून फोक-वनच्या दोन्ही अर्ध्यांचे विद्युतभारही बदलतात.

काप पडला की पेशी टोकं घाईने सांधते, अक्षरं गळतात किंवा वाढतात. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते, म्हणून हा फरक तीनच्या पटीत नसेल तर पुढचं सगळं वाचन बिघडतं.

क्रिस्पर या नंतर आलेल्या डीएनए-कात्रीने हे काम स्वस्त केलं. भुवनेश्वरच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये रोहूचं एक रोगप्रतिकारक जनुक त्यानेच बदललं. पण कुठलंही हत्यार एकपेशी अंड्यात टोचलं, तरी काप बरेचदा अंडं विभागल्यावर पडतो. मग पिल्लाच्या काही पेशी बदललेल्या, काही जुन्याच. एकसारखा मासा हवा तर त्याची पुढची पिढी वाढवावी लागते. झेब्राफिश तीनेक महिन्यांत वयात येतो, रोहूला दोनेक वर्षं लागतात.