फोर्क आणि श्रेयवाद (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सर्वांना पाहता, वापरता व बदलता येतो ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरचा कोड घेऊन मूळ प्रकल्पापासून वेगळे, स्वतंत्र काम सुरू करणे म्हणजे फोर्क. फोर्क काढताना मूळ लेखकांची नावे, परवान्याचा मजकूर आणि कामाचा इतिहास राखला गेला की पुसला गेला, यावरून उभे राहणारे तंटे हा या नोंदीचा विषय असून, स्थानिक संदर्भ बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी भाषकांच्या कामाचा घेतला आहे.

फोर्क काढण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही, कारण ती मुभा परवान्यानेच दिलेली असते. एमआयटी आणि बीएसडी परवाने कोड वापरू, बदलू आणि विकूही देतात. मुख्य अट एवढीच की, स्वामित्वहक्काची सूचना व परवान्याचा मजकूर सोबत राहिला पाहिजे. अपाची परवान्याची २००४ मधील दुसरी आवृत्ती ‘नोटीस’ फाइलमधील श्रेयनोंदी पुढे न्यायला आणि बदललेल्या फाइलींवर तसे नमूद करायला सांगते. जीपीएल हा परवाना त्याही पुढे जाऊन वितरित केलेला बदललेला कोड त्याच परवान्याखाली खुला ठेवण्याचे बंधन घालतो. त्यामुळे ‘आमचा कोड का उचलला’ ही तक्रार, करणाऱ्याचे दुःख कितीही खरे असले तरी, परवान्यापुढे टिकत नाही. ‘आमचे नाव का काढले’ ही मात्र टिकते. बहुतेक वादांत या दोन्ही तक्रारी एकाच दमात केल्या जातात आणि रास्त असलेलीही दुबळी पडते.

श्रेयाचा आग्रह किती धरावा, याचे बोलके उदाहरण एक्सफ्री८६ या प्रकल्पाचे आहे. लिनक्स या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीवर खिडक्या व चित्रे दाखवणाऱ्या या सॉफ्टवेअरने २००४ च्या सुरुवातीला परवाना बदलून वापरकर्त्यांसाठीच्या दस्तऐवजांतही आपला उल्लेख सक्तीचा केला. ही जादा अट जीपीएलशी जुळत नसल्याचे जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेचे मत पडले, प्रमुख लिनक्स वितरणांनी (लिनक्सच्या तयार संचांनी) नवी आवृत्ती घेण्याचे टाळले आणि परवाना बदलण्यापूर्वीच्या कोडवरून एक्स.ऑर्गचा फोर्क निघाला. त्याच वर्षी वापरकर्ते तिकडे वळू लागले आणि मूळ प्रकल्प ओस पडत गेला.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतील ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ या खटल्याचे. खेळण्यातील रेल्वे चालवणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या काही फाइली लेखकांची नावे व स्वामित्वसूचना न ठेवता दुसऱ्या उत्पादनात वापरल्या गेल्या होत्या. कोड फुकट वाटला म्हणून परवान्याच्या अटी पोकळ ठरत नाहीत आणि त्या मोडणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, असे अपील न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. पैसा न घेता काम करणाऱ्याला नावाच्या रूपाने काही मिळत असते, हे न्यायालयाने मान्य करणे या विषयात फार मोलाचे आहे.

नाव पुसले जाण्यामागे दर वेळी लबाडी असतेच असे नाही. २००५ मध्ये आलेली गिट ही कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लेखक आणि कमिट करणारा यांची नावे वेगवेगळी नोंदवते, त्यामुळे रीतसर काढलेल्या फोर्कमध्ये जुनी नावे आपोआप येतात. पण कोड झिप फाइल म्हणून उतरवून नव्या रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोड-साठ्यात) चढवला, की अनेक वर्षांचे काम ‘इनिशियल कमिट’ या एकाच नोंदीत, चढवणाऱ्याच्या नावावर जमा होते. महाविद्यालयीन प्रोजेक्टमध्ये घाईगडबडीत हे सहज घडते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात असल्याने आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मराठी व कन्नड मुलामुलींचा येथे मोठा राबता असल्याने, परवान्याचा मजकूर असलेली लायसन्स फाइल म्हणजे काय हे पहिल्या सत्रातच शिकवणे येथे विशेष गरजेचे आहे.

सीमाभागात याहून हळवी बाब भाषांतराची आहे. समजा, निपाणीतील एखाद्या पतसंस्थेसाठी मुक्तस्रोत हिशेबाचा प्रोग्रॅम मराठी आणि कन्नडमध्ये आणायचा आहे. ‘येणे बाकी’, ‘थकबाकी’, ‘तारण’ हे खातेदाराच्या तोंडचे शब्द शोधून बसवणे हे कोड लिहिण्याइतकेच कसबाचे काम आहे. ते बहुधा पीओ फाइलीत, म्हणजे मूळ वाक्ये व त्यांची भाषांतरे असलेल्या फाइलीत, साठवले जाते. या फाइलीच्या माथ्यावर टिप्पणीच्या ओळींत भाषांतरकारांची नावे व वर्षे लिहिण्याची पद्धत आहे. त्याखालच्या ‘लास्ट-ट्रान्सलेटर’ या रकान्यात मात्र एकच, शेवटच्या व्यक्तीचे नाव राहते. साहजिकच शेकडो वाक्ये भाषांतरित करणाऱ्याच्या जागी दोन वेलांट्या सुधारणारा येऊन बसतो. फोर्क काढणाऱ्याने तीच फाइल जेसनसारख्या (माहिती साठवण्याच्या) दुसऱ्या स्वरूपात बदलली, तर माथ्यावरच्या टिप्पण्याही गळून पडू शकतात. वाक्ये तशीच राहतात, पण ती कोणी लिहिली हे कुठेच उरत नाही. अशा वेळी भाषांतरकारांची वेगळी यादी रेपॉझिटरीत ठेवणे, हा साधा उपाय फोर्क काढणाऱ्याच्या हाती असतो.

भारतात स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश वाङ्मयीन कृतींत झाला. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, कलम १७ नुसार नोकरी देणारी संस्था असते; परंतु कृती आपली असल्याचे सांगण्याचा हक्क कलम ५७ नुसार स्वामित्वहक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही लेखकाकडेच राहतो. वाद न्यायालयापर्यंत नेण्याआधी फोर्क चालवणाऱ्याला लेखी कळवून नावे पूर्ववत करण्याची संधी देणे श्रेयस्कर. २००७ च्या जीपीएल तिसऱ्या आवृत्तीत तशी तरतूदच आहे: त्या हक्कधारकाकडून पहिल्यांदाच सूचना मिळालेल्याने ३० दिवसांत चूक दुरुस्त केली, तर त्याचे परवान्याखालील हक्क कायमचे परत मिळतात.